बसलेला हात

तेर हे मराठवाड्यातले फार जुने गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत 'तगर' या नावाने ते दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. मराठी मनाला मात्र ते ठाऊक आहे गोरोबा कुंभारांचे गाव म्हणून. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात गोरोबा वयाने वडील, म्हणून सारे त्यांना 'काका' म्हणत. त्यांची जी कथा महिपतीने १७६२ साली 'भक्तविजया'त सांगितली आणि कीर्तनकारांनी घरोघर पोहोचवली, ती अशी: पत्नी पाण्याला गेलेली आहे, तान्हे मूल अंगणात आहे, गोरोबा मडक्यांसाठी माती तुडवीत आहेत आणि तुडविता तुडविता विठ्ठलनामात बुडून गेले आहेत. मूल रांगत चिखलापाशी येते, पायाखाली येते आणि मातीत मिसळून जाते. गोरोबांना त्याचा पत्ता लागत नाही.

भक्तिपरंपरेने या कथेकडे तल्लीनतेची परिसीमा म्हणून पाहिले आणि पुढे देवाने मूल परत दिले असे सांगून श्रोत्यांच्या जिवाला दिलासाही दिला. त्या अर्थाशी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु कथेत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती भक्तीपेक्षा कुंभारकामाविषयी अधिक सांगते. मन विठ्ठलापाशी असताना पाय चिखलात होते आणि आपले काम करीत होते. ते शिकाऊ असते, तर गोरोबांना त्यांच्याकडे पाहत राहावे लागले असते. नवा उमेदवार तोल सावरतो, पाऊल कोठे पडते ते बघतो, दमतो, थांबतो. त्याच्या पायाखाली मूल येणे कठीण. अनर्थ ओढवला तो पाय अनाडी होते म्हणून नव्हे, तर तरबेज होते म्हणून. वर्षानुवर्षांच्या सरावाने ते अशा अवस्थेला पोहोचले होते की त्यांना धन्याची गरज उरली नव्हती.

मग ते कृत्य कोणाचे? हा प्रश्न केवळ एका संतकथेपुरता नाही. वीणकराचा धोटा, टंकलेखकाची बोटे, वाहनचालकाचा पाय, तबलजीचा पंजा, शल्यविशारदाचे हात यांची बहुतेक कामे अशाच रीतीने होतात. जे करताना माणसाला विचार करावा लागत नाही त्यालाच जग कौशल्य म्हणते. आणि ज्याचा विचार केला नाही त्याबद्दल माणसाला जबाबदार कसे धरावे, असेही तेच जग विचारते.

मराठी भाषेने या अवस्थेला फार नेमके शब्द दिले आहेत. काम 'अंगवळणी पडते', हाताला 'वळण लागते', लिहिण्या-विणण्याला हात 'बसतो'. बसलेला हात म्हणजे स्थिरावलेला, ठरून गेलेला हात. या शब्दांमागे एक चित्र दडलेले आहे. आरंभी मन हुकूम देते, देह चुकतमाकत तो पाळतो. पुनःपुन्हा केल्याने हुकुमाची वाट मळते. शेवटी हुकुमाशिवायच देह चालू लागतो. पाण्याने कातळात चर पडावा तसा सवयीचा चर देहात पडतो आणि मग कृती त्या चरातून आपोआप वाहते. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने १८९० साली मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात सवयीचे वर्णन केले ते थोड्याफार फरकाने याच धर्तीचे.

हे चित्र एकदा मान्य केले की त्यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या दोन्ही नैतिकदृष्ट्या महाग पडतात. पहिली ही, की बसलेला हात यंत्र ठरतो. आणि यंत्राला काय मान द्यायचा? ज्ञान डोक्यात असते, हात नुसता राबतो, ही समजूत भारतीय समाजाने तर जन्मावर आधारलेल्या वाटणीत पक्की करून टाकली. कुंभार, लोहार, सुतार यांच्याजवळ जे होते त्याला गावगाड्यात बलुते मिळाले, विद्येचे नाव मिळाले नाही. दुसरी गोष्ट पहिलीच्या अगदी उलट टोकाची वाटते, पण आहे तिचीच सख्खी बहीण: हात यंत्र असेल तर यंत्राने केलेल्या कृत्याचा दोष धन्याला कसा लागेल? 'हातून गेले', 'चुकून झाले', 'कळलेच नाही' या उद्गारांत माणूस आपल्याच हाताला परका करून मोकळा होतो. हाताचा अनादर आणि हाताची सबब ही दोन्ही एकाच चित्राची अपत्ये आहेत. तेव्हा ते चित्र खरे आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

ते खोटे ठरविण्याचा मोठा प्रयत्न मॉस्कोमध्ये झाला, आणि गंमत अशी की तो ज्या संस्थेत झाला ती संस्थाच त्या चित्रावर उभी होती. रशियन क्रांतीनंतर अलेक्सेई गास्तेव याने तेथे 'केंद्रीय श्रमसंस्था' स्थापन केली. गास्तेव हा धातुकामगार होता आणि कवीही; १९१८ साली निघालेल्या त्याच्या संग्रहाचे नावच मुळी 'कामगाराच्या घावाचे काव्य' अशा अर्थाचे होते. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने १९११ साली कामगाराच्या प्रत्येक हालचालीची घड्याळ लावून मोजदाद करण्याचे शास्त्र मांडले होते. गास्तेवला ते समाजवादाच्या सेवेला लावायचे होते. खेड्यातून आलेला अडाणी शेतकरी उद्या कारखान्यात उभा राहणार. त्याला छिन्नीवर हातोडा मारण्याची एकमेव योग्य रीत शिकवायची. पाय किती अंतरावर, कोपर किती उंच, घाव कोणत्या लयीत, हे सारे तक्त्यांवर ठरलेले. शिकाऊ कामगाराच्या हातात यंत्राला जोडलेला हातोडा देऊन ती लय त्याच्या अंगात उतरविण्याची सोयही होती. यात क्रौर्य होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. घाम वाचावा, वेळ वाचावा, दरिद्री देश लवकर वर यावा, ही तळमळ त्यामागे होती. परंतु हाताविषयीची कल्पना मात्र तीच जुनी होती. एक योग्य चर शोधायचा आणि तो सर्वांच्या देहात पाडायचा.

ती एकमेव रीत शोधण्याच्या कामी १९२२ साली निकोलाई बर्नस्टाइन नावाचा पंचविशीतला डॉक्टर संस्थेत आला. त्याने कामगाराच्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर आणि हातोड्यावर छोटे विद्युद्दीप बांधले आणि फिरत्या झडपेतून त्यांची छायाचित्रे घेतली. एकेका घावाचा मार्ग प्रकाशाच्या ठिपक्यांनी काळ्या काचेवर उमटू लागला. मुरलेले कामगार, ज्यांचा हात पूर्ण बसलेला, असे त्याने निवडले होते. सवय म्हणजे चर असेल, तर या माणसांच्या घावांचे मार्ग एकावर एक तंतोतंत बसायला हवे होते.

तसे ते बसले नाहीत. हातोड्याचे टोक दर वेळी जवळजवळ त्याच वाटेने येऊन छिन्नीवर पडत होते, पण खांदा, कोपर आणि मनगट यांच्या वाटा दर घावाला थोड्याथोड्या निराळ्या होत्या. खांदा किंचित पुढे आला तर कोपर ते भरून काढी. कोपर कमी पडला तर मनगट सावरी. कामगार एकच हालचाल पुनःपुन्हा करीत नव्हता. तो एकच प्रश्न पुनःपुन्हा सोडवीत होता, आणि दर वेळी थोड्या वेगळ्या रीतीने.

या निष्कर्षाचे मर्म समजायला देहाची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागते. खांद्याचा सांधा तीन दिशांनी फिरतो, कोपर एका, मनगट दोन, शिवाय पालथी-उताणी होणारी प्रबाहू. म्हणजे केवळ एका हाताला सात परींची मोकळीक. अवकाशातील एखाद्या बिंदूपर्यंत बोट न्यायला तीन पुरतात. उरलेल्या चारांमुळे समोरच्या पेल्याला हात लावण्याच्या अगणित रीती निर्माण होतात. त्यात स्नायू ताजा आहे की थकलेला, बाही तंग आहे की सैल, पेला भरलेला आहे की रिकामा, याने दर क्षणी फरक पडतो. मेंदूने कालचाच हुकूम आज जसाच्या तसा धाडला तर हात पेल्यापर्यंत पोहोचणारच नाही. बर्नस्टाइनने पुढे दाखविले की नवशिका या अतिरिक्त मोकळिकीला भितो आणि सांधे आवळून धरतो. सायकल शिकणारे मूल दांडी घट्ट पकडून लाकडासारखे ताठ बसते ते त्यामुळेच. कौशल्य वाढते तसतसे ते एकेक सांधा सोडत जाते. मराठीत हात 'बसतो' म्हणतात खरे. पण बसलेला असतो तो नवशिक्याचा हात, आणि मुरलेला हात हा कधीच न बसणारा. भाषेने येथे थोडी फसगत केली आहे.

या विचाराला पुढील शास्त्रज्ञांनी गणिताची जोड दिली. २००२ साली इमॅन्युएल तोदोरोव आणि मायकेल जॉर्डन (बास्केटबॉलपटूचा हा केवळ नामबंधू) यांनी अशी उपपत्ती मांडली की मज्जासंस्था प्रत्येक चूक दुरुस्त करायला धावत नाही. उद्दिष्टाला बाधा येते तेवढीच सावरते आणि बाकीची भिन्नता खुशाल होऊ देते. म्हणजे ज्या डोळ्यांना हात आपोआप चालताना दिसतो, त्या डोळ्यांआड तो अखंड निवड करीत असतो: काय महत्त्वाचे आहे आणि काय नाही.

भारतीय परंपरेला हे अगदीच अनोळखी वाटायला नको. वैशेषिकांनी 'संस्कार' या एकाच गुणाचे तीन प्रकार मानले: सुटलेल्या बाणाचा वेग, अनुभवातून मनात राहणारी भावना, आणि वाकविलेली फांदी सोडताच तिला पूर्वस्थितीला आणणारा स्थितिस्थापक. गती, स्मृती आणि लवचिकता यांना एका शब्दाखाली आणणे वरवर चमत्कारिक वाटते. परंतु लोहाराच्या घावात या तिन्ही गोष्टी एकत्र नांदतात, आणि त्यातली कोणतीही एक काढली तर तो घाव राहत नाही. अभ्यासाविषयी पतंजलीने घातलेल्या अटीही येथे आठवतात. तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा, एवढे कोणीही सांगेल. पण तो सत्कारपूर्वक, म्हणजे आदराने केलेला हवा, अशी तिसरी अट त्याने घातली. दळण दळल्यासारखी घोकंपट्टी आणि दर खेपेला नव्याने लक्ष घालून केलेली आवृत्ती यांतला फरक त्याला दिसला असावा. योगसूत्रांचा विषय चित्ताचा निरोध आहे, हातोडा नव्हे, हे खरे. तरी अभ्यास म्हणजे काय हे कळल्याशिवाय ती अट सुचणार नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. हात निवड करतो म्हटले, तरी ती निवड माणसाला माहीत कोठे असते? कनेक्टिकटमधील हेन्री मोलेसन या तरुणावर १९५३ साली अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती कायमची गेली. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. आरशात दिशा उलटतात, त्यामुळे हे काम कोणालाही सुरुवातीला जड जाते. तीन दिवसांत मोलेसनचा हात सफाईने चालू लागला; पण दर दिवशी त्याला वाटे की हे काम आपण आयुष्यात प्रथमच करीत आहोत. हात शिकला, आणि शिकल्याची वार्ता मालकापर्यंत पोहोचली नाही. १९६२ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा स्मृती ही एक वस्तू नसून तिच्या अनेक जाती आहेत, हे उघड झाले. मग अशा हाताचे कर्तृत्व मोलेसनचे म्हणायचे की कोणाचे?

याच्या अगदी उलट स्थिती इंग्लंडमधील इयन वॉटरमन याची झाली. १९७१ साली, एकोणिसाव्या वर्षी, एका आजारानंतर मानेखालच्या साऱ्या देहाची स्पर्शाची व स्थितीची जाणीव नाहीशी झाली. स्नायू शाबूत, त्यांना जाणारे हुकूम शाबूत. पण हात कोठे आहे, पाय कोठे आहे, याची देहाकडून येणारी खबर बंद पडली. डॉक्टरांना त्याचे चालणे संपले असे वाटले. त्याने महिन्यामागून महिने खर्चून प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहून, मनाने जुळवून पुन्हा उभी केली. तो उभा राहिला, चालला, नोकरी करू लागला. परंतु दिवे अचानक गेले तर तो कोसळे, कारण डोळ्यांना दिसेनासा झालेला देह त्याच्यापुरता नाहीसाच होई. जोनाथन कोल या डॉक्टरने १९९१ साली त्याची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली, तीत रोजचे जगणे हीच एक लांब पल्ल्याची शर्यत झाल्याचे चित्र आहे. वॉटरमनच्या देहात खऱ्या अर्थाने मनच धनी होते, आणि हात निव्वळ नोकर होते. सामान्य समजुतीने रंगविलेले चित्र प्रत्यक्षात उतरले, तर ते कौशल्याचे नसून अपंगत्वाचे निघते, हे या उदाहरणावरून दिसते.

मोलेसन आणि वॉटरमन यांना शेजारी ठेवून पाहिले म्हणजे आक्षेपाची धार कमी होते. 'मी' म्हणजे ज्याला आठवते आणि ज्याला सांगता येते तेवढाच, असे मानले तर मोलेसनचा हात परका ठरेल. पण तसे मानले तर बोलणाऱ्याची जीभही परकीच ठरते, कारण शब्द उच्चारताना ती टाळूला कोठे लागते हे वक्त्याला क्वचितच माहीत असते. गिल्बर्ट राइल याने १९४९ साली 'अमुक आहे हे जाणणे' आणि 'अमुक करणे जाणणे' असा भेद करून दुसऱ्या जाणण्याला बुद्धीच्या घरात मानाची जागा दिली. हाताला जे कळते ते त्या माणसालाच कळलेले असते. फक्त ते वाक्यांत कळलेले नसते.

मग सबबीचे काय? १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत एका परदेशी बनावटीच्या मोटारीविषयी तक्रारींचा पाऊस पडला: गाडी उभी असताना गिअर टाकताच ती भरधाव सुटते, आणि ब्रेक पूर्ण दाबूनही थांबत नाही. माणसे दगावली. चालक शपथेवर सांगत की पाय ब्रेकवरच होता. सरकारी तपासाचा निष्कर्ष १९८९ साली आला: यंत्रात तसा दोष आढळला नाही, बहुतेक प्रसंगी पाय ब्रेकऐवजी वेगाच्या पट्टीवर पडला असावा. त्याच वर्षी रिचर्ड श्मिट या मोटारशास्त्रज्ञाने नव्हे, तर शारीरिक हालचालींच्या अभ्यासकाने दाखविले की यात खोटेपणा असण्याचे कारण नाही. ब्रेक दाबण्याचा निश्चय खरा होता. पण स्नायूंच्या जोरात सदैव असणाऱ्या चढउतारामुळे पाय क्वचित थोडा बाजूला पडतो, आणि आपण ब्रेकवर आहोत अशी खात्री असलेला माणूस गाडी थांबेना म्हणून तीच पट्टी अधिकच जोराने दाबतो. ज्या भिन्नतेने लोहाराचा घाव छिन्नीवर आणला तीच भिन्नता येथे प्राणघातक ठरली.

अशा चालकाला गुन्हेगार म्हणावे, असे सहृदय माणसाला वाटणार नाही; निर्दोष म्हणावे, असे दगावलेल्याच्या आईला वाटणार नाही. कायद्याने यासाठी मधली वाट काढली आहे. भारतात पूर्वी दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, हेतू नसतानाही हयगयीने घडलेल्या मृत्यूची शिक्षा सांगितलेली आहे. हयगय म्हणजे जेथे लक्ष असायला हवे होते तेथे ते नसणे. पण ज्याच्या पायाने कोणतीही हयगय न करता केवळ देहधर्माने दगा दिला, त्याचे काय? अमेरिकेत यावर निघालेला उपाय न्यायालयात सापडला नाही. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर उभ्या स्थितीतून सुटूच नये, अशी कळ गाड्यांत बसविण्यात आली. पायावर जेवढा भरवसा ठेवणे योग्य तेवढाच ठेवला गेला. जबाबदारीचा हा प्रकार नीतिशास्त्राच्या ग्रंथांत फारसा चर्चिला जात नाही, परंतु तो फार खरा आहे. हाताच्या त्या क्षणीच्या कृतीवर माणसाची सत्ता मर्यादित असते. हात कोठे, केव्हा, कशाच्या जवळ मोकळा सोडायचा यावर ती बरीच असते.

ॲरिस्टॉटलने हे दगडाच्या दृष्टान्ताने सांगितले होते. फेकलेला दगड परत घेता येत नाही. तरी तो उचलणे आणि फेकणे माणसाच्या हाती होते. सवयींचे तसेच आहे, त्या जडल्यावर सोडता येत नसतील, जडवून घेणे मात्र आपल्या स्वाधीन होते, असे त्याचे म्हणणे. यात तथ्य पुष्कळ आहे, पण दृष्टान्त पुरेसा नाही. कौशल्य हे फेकलेल्या दगडासारखे हातावेगळे होत नाही. बर्नस्टाइनच्या काचा सांगतात की हात शेवटच्या क्षणापर्यंत ऐकत असतो, सावरत असतो. जो सावरू शकतो त्याला दगडाची सबब मिळत नाही. आणि जो सावरू शकतो त्याला दगडाची किंमतही देता येत नाही.

ही दुसरी बाजू गास्तेवला पेलली नाही असे नाही, त्याला ती पाहण्यास सवडच मिळाली नाही. एकमेव योग्य घाव असा काही नाही, हे त्याच्याच संस्थेच्या छायाचित्रांतून निघाले होते. तसे असेल तर तक्त्यावर जे लिहिता येते ते कौशल्य नव्हे. कामगाराच्या हातातली विद्या काढून घेऊन कार्यालयाच्या कपाटात ठेवता येत नाही. १९३८ साली स्टालिनच्या राजवटीने गास्तेवला अटक केली आणि १९३९ साली त्याला गोळी घातली. बर्नस्टाइनच्या १९४७ सालच्या ग्रंथाला आधी स्टालिन पारितोषिक मिळाले आणि लवकरच, पावलॉव्हच्या शिकवणीशी द्रोह केला म्हणून, त्याची प्रयोगशाळा आणि काम दोन्ही गेले. कौशल्यावर सामान्य वाचकांसाठी लिहिलेले त्याचे पुस्तक १९९१ साली छापले गेले. तोपर्यंत त्याला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. ज्या लोहारांच्या हातांनी हे ज्ञान दिले त्यांची नावे मात्र कोणाच्या ध्यानात राहिली नाहीत.

हाताच्या विद्येचे मोल ज्याने अचूक ओळखले असा एक गुरू महाभारतात आहे, आणि ते त्याने ओळखले ते चोरी करताना. मातीच्या द्रोणापुढे सराव करून एकलव्य शिकला. खऱ्या द्रोणाने त्याचे पाठांतर मागितले नाही, अंगठा मागितला. विद्या कोठे राहते हे त्याला ठाऊक होते. तरी त्याचाही हिशेब किंचित चुकला. अंगठा गेल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पूर्वीची चपळाई तेवढी राहिली नाही, असे व्यासांनी नोंदविले आहे. धनुर्विद्या केवळ अंगठ्यात असती तर ती अंगठ्याबरोबर गेली असती. चार बोटांनी तोच प्रश्न पुन्हा सोडवायला घेतला.

आता पुन्हा तेरच्या अंगणात. माती तुडविणे हे आंधळे काम नव्हे. कुंभाराचे पाय मातीत खडा शोधत असतात; खडा राहिला तर मडके आव्यात तडकते. ओल कमी की जास्त, राख नीट मिसळली की नाही, हे त्याला पावलाच्या तळव्याने कळते. खडा टोचला की पाऊल आपोआप थबकते, वाकून तो काढून टाकला जातो आणि काम पुढे चालते. नामात बुडालेल्या गोरोबांचेही थबकत असणार. जे पाऊल हरभऱ्याएवढ्या खड्याला ओळखते, त्याला तान्ह्या मुलाचे मऊपण ओळखता आले नाही. मूल मातीसारखे मऊ होते, हेच कारण असेल काय? त्या पायांना इतकी वर्षे कठीण ते वेगळे काढायला आणि मऊ ते तुडवायला शिकविले होते. त्यांनी शिकविलेले तेवढे चोख केले. अंगणात मूल आहे, हे मात्र पायांना कोणी शिकविलेले नव्हते. ते गोरोबांनी लक्षात ठेवायचे होते.

कथा पुढे जाते. संतापलेली पत्नी आपल्याला स्पर्श न करण्याची विठ्ठलाची शपथ घालते. गोरोबा ती पाळतात. वंश खुंटेल म्हणून तिच्याच बहिणीशी त्यांचे लग्न लावले जाते, आणि दोघींना सारखेच वागवा, असे सासऱ्याने सांगितल्यामुळे ती शपथ धाकटीलाही लागू होते. एका रात्री दोघी बहिणी झोपलेल्या नवऱ्याचे हात आपल्या अंगावर ठेवून घेतात. जाग आल्यावर गोरोबांना वाटते, या हातांनी शपथ मोडली. आणि ते हात तोडून टाकतात. झोपेत असताना, दुसऱ्यांनी उचलून ठेवलेल्या, पूर्ण निरपराध हातांना ही शिक्षा. पुढे पंढरीत नामदेवांचे कीर्तन रंगते, सारे टाळी वाजवितात, गोरोबाही आपले थोटे बाहू उंचावतात आणि त्यांना हात फुटतात; पाठोपाठ मूलही रांगत येते. हात गेले, हात परत आले. ज्या पायांखाली मूल गेले होते त्या पायांचा निवाडा मात्र कथेने केलेला नाही. गोरोबा त्याच पायांनी चालत पंढरीला आले होते.